उजव्यांची क्रमवारी लावायची तर

विषय दिलाय तो असा : सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या उजव्या विचारवंतांत सर्वांत प्रभावी कोण? 'उजवे' हा शब्द आज मी खुल्या बाजाराचे समर्थक एवढ्याच अर्थाने घेतो.

गर्दी मोजली, तर पहिले नानी पालखीवाला. अर्थसंकल्पावरचं त्यांचं भाषण ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं. झुंज मोजली, तर मिनू मसानी. 1959 साली राजाजींबरोबर स्वतंत्र पक्ष उभारला. आणीबाणीत 'फ्रीडम फर्स्ट'वरच्या सेन्सॉरशिपविरुद्ध ते मुंबई हायकोर्टात गेले आणि 1976 साली जिंकले.

माझ्या यादीत मात्र पहिले शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला आला, कोरडवाहू शेती करू लागला. पालखीवाला आणि मसानी जे इंग्रजीत शहराला सांगत होते, ते त्यांनी कांदा पिकवणाऱ्याला मराठीत सांगितलं : तुझ्या गरिबीचं मूळ सरकारी धोरणात आहे. त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरलं.

आता जरा टोचणारं बोलतो. मुलुंड काय, बोरिवली काय, आपण खुल्या बाजाराला टाळ्या देतो. आणि कांदा महागला की निर्यात बंद करा म्हणायलाही आपणच पुढे. पालखीवालांचं म्हणणं मान्य करायला आपल्याला काही पडत नाही. जोशींचं मान्य करायचं, तर भाजीच्या पिशवीत हात घालावा लागतो. म्हणून ते पहिले.