चांगल्या धन्याच्या शोधात : तात्सुकावा बुन्को आणि निन्जा-नायकाची घडण

सामुराई आणि निन्जा यांच्या साहसकथा हा किशोरसाहित्याचा आज जगभर परिचित असलेला प्रकार आहे. या कथा सरंजामी जपानमध्ये घडतात. म्हणून त्या सरंजामी जपाननेच आपल्या हाती दिल्या असाव्यात, असा समज सहज होतो. वस्तुत: किशोरांचा नायक या नात्याने निन्जा घडला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, ओसाका या व्यापारी शहरात. या वाङ्मयप्रकाराचा इतिहास लिहिताना कथेतील काळाइतकाच ती कथा वाचणाऱ्यांचा काळही विचारात घ्यावा लागतो, तो यामुळेच.

या घडणीची पूर्वपीठिका मौखिक आहे. छोट्या मेजामागे बसून, हातातल्या पंख्याने मेजावर ताल देत युद्धकथा सांगणाऱ्या कथनकारांची 'कोदान' ही परंपरा एदो काळात भरभराटीस आली होती. 1884 मध्ये सान्यूतेई एन्चो या कथनकाराची भूतकथा लघुलेखनाने टिपून छापली गेली आणि सांगितलेली कथा जशीच्या तशी मुद्रणात उतरू शकते, हे सिद्ध झाले. कोदानातील कथाही त्याच वाटेने पुस्तकांत आल्या. 1911 मध्ये ओसाकात सुरू झालेली तात्सुकावा बुन्को ही माला या वाटेवरचा पुढचा टप्पा होय. येथे लघुलेखकाची गरजच उरली नाही. तामादा ग्योकुशूसाई हा कोदानकार, त्याची पत्नी यामादा केई, तिची मुले आणि काही साहाय्यक यांनी कोदानाच्या शैलीत थेट लेखनच सुरू केले. 'सेक्का सान्जिन' यांसारखी सामायिक टोपणनावे घेऊन या घरगुती कारखान्याने सुमारे 200 पुस्तके सिद्ध केली. केईची नात इकेदा रान्को हिने पुढे 1960 मध्ये आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीतून या कुटुंबाची हकिगत सांगितली.

या पुस्तकांचा प्रमुख वाचक होता 'देत्ची', म्हणजे व्यापाऱ्याच्या पेढीवर राहून उमेदवारी करणारा मुलगा. पुस्तक लहान आकाराचे, सहज लपवता येण्याजोगे; किंमत 25 सेन. मात्र वाचून झालेली प्रत आणि वर 3 सेन दिल्यास दुसरे पुस्तक मिळे. हा व्यवहार केवळ विक्रीची युक्ती म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्याला पुस्तके बाळगण्यास जागा नाही आणि विकत घेण्यास पुरेसा पैसा नाही, अशा वाचकासाठीच तो आखलेला होता.

1914 च्या सुमारास या मालेत सारुतोबी सासुके अवतरला. तो शिनशूच्या डोंगरातला, माकडासारखा चपळ मुलगा. त्याच्या व्यक्तिरेखेवर 'पश्चिमयात्रा' या चिनी कादंबरीतील वानरवीराची छाया अभ्यासकांना जाणवली आहे. तोझावा हाकुउन्साई या वृद्ध गुरूकडून तो गुप्तविद्या शिकतो आणि पुढे शिकारीस आलेल्या सानादा युकिमुराच्या पदरी राहतो. युकिमुरा हा 1615 मध्ये ओसाकाच्या किल्ल्यासाठी तोकुगावांविरुद्ध लढताना पडलेला सेनानी. तोकुगाव घराण्याविषयी ग्रंथ छापण्यास 1722 च्या आदेशाने मनाई झाली होती. 1868 मध्ये ती राजवट गेल्यावर पराभूत पक्षाचे गुणगान मोकळेपणी छापता येऊ लागले, आणि ओसाकातील वाचकाला तर हा पक्ष आपल्याच शहराचा होता.

सासुकेचे आकर्षण कशात आहे? त्याला प्रतिष्ठा मिळते ती कुळामुळे नव्हे, तर शिकून आत्मसात केलेल्या कौशल्यामुळे. उमेदवारीच्या खडतर वर्षांत अडकलेल्या मुलाला ही कल्पना जवळची वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु एवढ्यावरून या कथांना बंडखोर ठरवणे घाईचे होईल. सासुके सेवकपण टाकून देत नाही. त्याला गुणग्राही धनी भेटतो, एवढेच. धन्याशिवायचे जग या कथा कल्पीत नाहीत. त्या चांगल्या धन्याचे स्वप्न पाहतात. त्यांची मुक्ती आणि त्यांची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत.

ही मर्यादा ओलांडली गेली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, अर्धशतकाच्या अंतराने. 1960 पासून मुरायामा तोमोयोशी यांची 'शिनोबी नो मोनो' ही कादंबरी जपानी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राच्या रविवारच्या आवृत्तीत क्रमश: प्रसिद्ध होऊ लागली. तीत हेरांचा म्होरक्याच कपटी आहे. दोन प्रतिस्पर्धी गटांचा प्रमुख म्हणून तो एकटाच वावरतो आणि हाताखालच्यांना प्याद्यांसारखे वापरतो. 1959 ते 1962 या काळात आलेल्या शिरातो सान्पेई यांच्या 'निन्जा बुगेईचो' या चित्रकथेत निन्जा शेतकऱ्यांच्या उठावांत उतरतो. दोहोंत विद्या तीच, वेषही तोच. बदलला आहे तो धन्याविषयीचा विश्वास. सासुकेच्या वाचकाने जो प्रश्न विचारला नव्हता, तो येथे उघडपणे विचारला जातो : हे कौशल्य अखेर कोणाच्या कामी येते?

आदाची केन्इची यांच्यासारख्या अभ्यासकांनी 1980 च्या आसपास तात्सुकावा बुन्कोची दखल गांभीर्याने घेतली, तोवर ही पुस्तके 'साहित्य' या संज्ञेबाहेरच राहिली होती. अशी वगळणूक दर्जाच्या निकषावर कदाचित समर्थनीय ठरेलही. मात्र तिची किंमत वाङ्मयेतिहासाला मोजावी लागते. देत्ची मुलांनी आपल्या इच्छा क्वचितच लिहून ठेवल्या. त्या इच्छांचा माग घेण्यासाठी त्यांनी 3 सेन मोजून बदलून घेतलेली ही पुस्तकेच आपल्यापाशी उरतात, आणि ती वाचण्याची पद्धत समीक्षेला अजून पुरती घडवावयाची आहे.