बाहेरून दहावी : शाळेच्या पटाबाहेरून महाविद्यालयात जाणारी बीडची वाट

#धागा

१. ‘बाहेरून परीक्षा दिली’ हा शब्दप्रयोग बीड जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचा आहे. शाळेच्या पटावर नाव नसताना घरी अभ्यास करून दहावी किंवा बारावीला बसणे, हा त्याचा अर्थ. पुण्या-मुंबईतील काही कुटुंबे आज ही वाट हौसेने निवडतात आणि तिला ‘होमस्कूलिंग’ म्हणतात. बीडमध्ये ती बहुधा नाइलाजाने धरली गेली. त्या नाइलाजाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो आज पाहू.

२. आरंभ बीडच्या बाहेर करावा लागेल. घरी शिकून महाविद्यालय गाठणाऱ्या मराठी मुलींत सर्वांत प्रसिद्ध नाव आनंदीबाई जोशी यांचे. जन्म १८६५ चा, विवाह नवव्या वर्षी, शाळेचा सहवास अगदी थोडा. अध्यापन मुख्यतः पती गोपाळराव यांचे. १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये पदवीधर झाल्या.

३. ही कथा आपण जिद्दीची कथा म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण तिची दुसरी बाजू विसरता कामा नये. समुद्रापलीकडे एक महाविद्यालय अशा विद्यार्थिनीला प्रवेश देण्यास तयार होते. घरचा अभ्यास कितीही चोख असो, त्याला मान देणारी संस्था नसेल तर तो घरातच राहतो. बीडचा इतिहास वाचताना हे सूत्र हाताशी ठेवा.

४. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. मात्र ती भाषा उर्दू होती. ज्या घरात मराठी बोलली जाई, त्या घरातील मुलाला उच्च शिक्षणासाठी गाव सोडावे लागे आणि सोबत भाषाही बदलावी लागे.

५. मराठी माध्यमाची खासगी शाळा काढायची, तर सरकारी परवानगीचा अडसर होता. तरीही मराठवाड्यात ‘राष्ट्रीय शाळा’ निघाल्या. शिक्षण सरकारी चाकोरीबाहेरही देता येते, हा विचार १९२० च्या असहकार चळवळीने देशभर रुजवला होता. त्याच चळवळीत सरकारी शाळा सोडणाऱ्या मुलांपैकी एक म्हणजे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले.

६. खेडगीकरांचा जन्म १९०३ चा. म्हणजे शाळा सोडली तेव्हा ते ऐन किशोरवयात होते. शाळा सुटली, शिक्षण मात्र सुटले नाही. १९२१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाने अशाच विद्यार्थ्यांसाठी सरकारी व्यवस्थेबाहेर अभ्यासक्रम आणि परीक्षा उभ्या केल्या होत्या. खेडगीकरांचे उच्च शिक्षण तेथे झाले. बहिष्काराची हाक देणाऱ्यांनी पर्यायी दारही बांधले, हे यातील महत्त्वाचे.

७. पुढे ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले आणि तेथून बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस आले. त्या काळी या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयाचे ते मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे त्यांचे निकटचे सहकारी. १९३८ मध्ये स्वामीजी शाळेतून बाहेर पडले आणि हैदराबादच्या राजकीय लढ्यात उतरले.

८. त्याच वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, ‘वंदे मातरम्’ चळवळ पेटली. औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात हे गीत म्हणणे सोडण्यास नकार दिला. त्यांना संस्थांतून काढून टाकण्यात आले. एका फटक्यात शेकडो तरुण शिक्षणाबाहेर फेकले गेले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक.

९. १९४८ नंतर चित्र पालटू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. १९६० मध्ये बीड शहरात बलभीम महाविद्यालय निघाले. महाविद्यालय जवळ आले. प्रश्न उरला तो तिथवर पोचण्याचा.

१०. कारण दहावी-बारावीचा उंबरठा सर्वांना सारखा नव्हता. नांगर, लग्न, धाकटी भावंडे, दुष्काळ अशा कारणांनी शाळा सुटलेल्यांसाठी राज्य मंडळाने एक वाट ठेवली : ‘१७ नंबरचा फॉर्म’. तो भरून विद्यार्थी खासगीरीत्या परीक्षेला बसतो. एक शाळा त्याचे संपर्क केंद्र असते. तोंडी परीक्षा, प्रकल्प, अंतर्गत गुण यांचा व्यवहार तिच्यामार्फत चालतो. प्रमाणपत्र मंडळाचेच, आणि महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी तेवढेच ग्राह्य.

११. १९८९ हे वर्ष येथे लक्षात ठेवण्यासारखे. त्या वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, दिल्लीत राष्ट्रीय मुक्त विद्यालय. नाशिकच्या विद्यापीठाने ‘पूर्वतयारी शिक्षणक्रम’ आखला : अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, पण बारावी नसलेल्या व्यक्तीने तो उत्तीर्ण करावा आणि पदवीच्या प्रथम वर्षाला प्रवेश घ्यावा. ‘शाळा सुटली म्हणजे सारे संपले’ या समजुतीला दिलेले ते संस्थात्मक उत्तर होते.

१२. आता आजचे बीड. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. ही कुटुंबे परततात मार्च-एप्रिलच्या सुमारास. बारावीची आणि दहावीची परीक्षा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे मुलाच्या आयुष्यातील निर्णायक परीक्षा आणि आईबापांचा हंगाम एकाच वेळी येतात.

१३. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, काही ठिकाणी साखरशाळाही झाल्या. परंतु शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे. नेमक्या त्याच वयानंतर मुलाच्या हाती कोयता येतो. मुलीच्या बाबतीत लग्नाची घाई होते. बालविवाहाचे प्रमाण बीडमध्ये राज्याच्या सरासरीहून अधिक आहे. चौदा ते अठरा या चार वर्षांतच महाविद्यालयाचे दार उघडते किंवा बंद होते.

१४. म्हणून एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुण्यातील होमस्कूलिंग करणारा मुलगा आणि केज किंवा धारूर तालुक्यातील फडावरून परतलेली मुलगी, दोघेही १७ नंबरचाच फॉर्म भरू शकतात. कागद एकच. पण त्याच्या घरी पुस्तके, इंटरनेट आणि वेळ काढू शकणारे पालक आहेत. तिच्याकडे पहाटे फडात गेल्यावर उरलेली संध्याकाळ आहे. समान नियमाने समान संधी मिळतेच असे नाही.

१५. इतिहासाचा निष्कर्ष सरळ आहे. शाळा सोडलेल्या खेडगीकरांसाठी टिळक विद्यापीठ होते, काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांसाठी नागपूर होते. एकट्याच्या जिद्दीवर यांपैकी कोणीही पुढे गेले नाही. कोणीतरी जाणूनबुजून त्यांना आत घेतले. आज फॉर्म आहे, मुक्त विद्यापीठ आहे. गावात रात्री उघडी राहणारी अभ्यासिका, फॉर्मची मुदत वेळेवर सांगणारा शिक्षक आणि गणित समजावणारे कोणीतरी, एवढे मात्र अजून गावोगावी व्हायचे आहे.

१६. शेवटी एक विनंती. तुमच्या घरात, गल्लीत ‘बाहेरून’ मॅट्रिक किंवा दहावी झालेली माणसे नक्की असतील. अभ्यास कुठे केला, पुस्तके कोणी दिली, फी कोणी भरली, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. विद्यापीठांचे इतिहास छापले जातात. या परीक्षार्थींचा इतिहास अद्याप त्यांच्या आठवणीतच आहे. तो नोंदवण्याचे काम आपल्या पिढीचे.

(धागा समाप्त)