डावी पटाशी

घमापूरच्या आमच्या घरात आजोबांची सागाची हत्यारपेटी आहे. तिच्या वरच्या कप्प्यात दोन पटाश्या ठेवण्यासाठी दोन खाचा कोरलेल्या आहेत. उजव्या खाचेत अर्धा इंच रुंदीची, तिरप्या धारेची एक पटाशी असते. डावी खाच एकोणतीस वर्षे रिकामी होती, आणि ती माझ्यामुळे रिकामी होती.

आजोबांचे वडील मुंबईहून जबलपूरला आले ते तोफगाड्यांच्या मागोमाग. इंग्रज सरकारचे तोफगाडे बनवणारे कारखाने पूर्वी मुंबई, मद्रास आणि गंगेकाठचे फतेहगड असे तीन ठिकाणी होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम एकवटून जबलपूरला आणले गेले. गन कॅरेज फॅक्टरीचे स्थापनावर्ष १९०४. जबलपूरच का, याचे एक उत्तर नकाशात सापडते. मुंबईहून येणारी जीआयपी रेल्वे आणि अलाहाबादहून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे १८७० मध्ये इथे येऊन मिळाल्या होत्या. देशाच्या मध्यावर, समुद्रापासून लांब, दोन्ही बाजूंना लोहमार्ग, आणि मंडला-सातपुड्याचे सागवान हाताशी. मराठी बोली मात्र गावाला नवी नव्हती. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथून १८१७ मध्येच संपला होता, पण त्या काळातली काही घराणी आणि त्यांची भाषा मागे राहिली होती. आमचे घराणे त्यांच्यातले नव्हे. आम्ही सुतार, रेल्वेने आलेले.

तोपर्यंत तोफगाड्याचा सांगाडा पोलादी होऊ लागला होता. चाके मात्र लाकडीच होती. रबरी टायर येईपर्यंत, म्हणजे १९३० च्या दशकापर्यंत, ती बव्हंशी लाकडीच राहिली. आमच्या घरात सांगत आले आहेत ते असे की पणजोबा चाकांवर होते आणि आजोबा पेट्यांवर. दुर्बिणी, पातळ्या, मोजमापाची नाजूक उपकरणे ज्या सागाच्या पेट्यांत ठेवतात, त्या पेट्या. चाकाला आऱ्याचे कुसू लागते. पेटीच्या कोपऱ्याला लागतो डवटेल.

इंग्रजीतल्या डोव्हटेलचे आमच्याकडच्या सुतारांनी केलेले हे रूप. आजोबा घरी त्याला पारव्याची शेपटी म्हणत. एका फळीच्या टोकाला शेपट्या कापायच्या, टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या. दुसऱ्या फळीत त्यांना बसतील अशा खाचा करायच्या. सांधा एका दिशेने सरकून बसतो आणि दुसऱ्या दिशेने कितीही ओढला तरी सुटत नाही. खिळ्याची गरज नाही. या सांध्याला प्रत्येक भाषेने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. इंग्रजीला त्यात पारव्याची शेपटी दिसली. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन भाषांना पाकोळीची. जपानी सुतार मात्र त्याला मुंगी म्हणतो, मध्ये बारीक आणि टोकाला फुगीर. आपल्याकडे जुन्या दगडी बांधकामात दोन चिरे जखडायला धातूचा जो तुकडा ओतत किंवा बसवत, तो डमरूच्या आकाराचा, म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन शेपट्याच. इजिप्तच्या थडग्यांतल्या चार हजार वर्षांहून जुन्या लाकडी सामानातही हा सांधा आहे, तांब्याच्या हत्यारांनी कापलेला.

सांधा इतका जुना असूनही त्यासाठीची वेगळी पटाशी फार उशिरा आली. याचे कारण कोनात आहे. मऊ लाकडात शेपटीचा उतार सहास एक धरतात, कठीण लाकडात आठास एक. सहास एक म्हणजे सुमारे साडेनऊ अंश. तेवढी भिंत कलली की खाचेच्या तळाशी कोपरा नव्वद अंशांचा राहत नाही, ऐंशीचा होतो. साध्या पटाशीच्या कडा सरळ, नव्वद अंशांच्या. ती त्या कोपऱ्यात शिरत नाही. शिरवलीच तर तिची जाड कड तिरप्या भिंतीला चेपते. म्हणून पटाशीच्या दोन्ही कडा पाठीकडून उतरत्या घासून खालची धार जवळजवळ कागदासारखी बारीक करावी लागते. अठराव्या शतकातले युरोपी कारागीर पातळ पात्याच्या पटाश्यांवर भागवत. उतरत्या कडांची पटाशी बाजारात सर्रास दिसू लागली ती एकोणिसाव्या शतकात. जपानी सुतारांनी यासाठी पाठीला छपरासारखा कणा असलेली पटाशी घडवली.

ड्रॉवरच्या दर्शनी फळीचा डवटेल याहून अवघड. तिथे शेपटी समोरून दिसता कामा नये, म्हणून खाच आरपार जात नाही. तोंडाशी अरुंद, आत रुंद, आणि तळाला पातळ पडदा. करवत फक्त तिरपी अर्धी वाट जाते. उरलेले सगळे पटाशीचे काम, आणि सगळ्यात मागचा कोपरा असा की तिथे तीन भिंती भेटतात. सरळ धारेची पटाशी त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. तिथे धार तिरपी हवी, आणि कोपरे दोन असल्यामुळे तिरप्या पटाश्याही दोन हव्यात, एक डावीकडे कललेली, एक उजवीकडे. आजोबा त्यांना नुसते ‘जोडी’ म्हणत.

ही जोडी त्यांनी विकत घेतली नव्हती. उजव्या पटाशीच्या मुठीजवळ, शेंबीच्या पुढे दोन बोटे अंतरावर, पात्यावर आडव्या बारीक रेघा दिसतात. त्या कानशीच्या दातांच्या खुणा. रेघांच्या शेजारी तीन इंग्रजी अक्षरे अर्धवट पुसलेली आहेत: ई, एल, डी. शेफिल्डची शेवटची तीन अक्षरे. म्हणजे इंग्लंडात बनलेली एक कानस जबलपुरात झिजली, भंगारात गेली, आणि इथल्या एका भात्यावर पटाशी होऊन पुन्हा कामाला लागली. मी इतिहासाचा मास्तर. कागदांवर आयुष्य काढले. पण आमच्या घराण्याचा जबलपुरातला सगळ्यात जुना दस्तऐवज हाच आहे हे मला फार उशिरा कळले.

कानसच का? याचे उत्तर मला पोलादाच्या इतिहासात मिळाले. या भागात लोखंड परके नव्हते. मंडला आणि आसपासच्या डोंगरात अगरिया लोक सालाच्या कोळशावर, पायाने भाता दाबत, मातीच्या भट्टीतून लोखंड काढत. व्हेरियर एल्विन यांनी त्यांच्यावर १९४२ मध्ये ‘द अगरिया’ हे पुस्तक लिहिले. भट्टीवरचा कर, जंगलातल्या कोळशावर आलेली बंधने आणि बाहेरून येणारे स्वस्त लोखंड यांनी तो धंदा कसा खचला, हे त्यात वाचायला मिळते. ते लोखंड नांगराच्या फाळाला, कुऱ्हाडीला उत्तम. पण भट्टीतून निघते तसे ते मऊ असते. सागाच्या आडव्या तंतूंवर ऐंशी अंशांच्या कोपऱ्यात टिकेल अशी धार त्याला येत नाही. त्याला कर्ब जास्त असलेले, सगळीकडे सारखे पोलाद लागते. शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात मुशीत वितळवून असे पोलाद काढले. मुशीतले पोलाद दक्षिण भारतात त्याच्या कितीतरी आधीपासून होत होते, आणि मायकेल फॅरडेसारखा शास्त्रज्ञ १८१९ नंतर त्याचे गूढ उकलण्यात गुंतला होता. पण ते पोलाद तलवारींसाठी गाजले. आमच्यासारख्यांच्या हाती चांगले पोलाद आले ते कारखान्यांत आणि रेल्वेत झिजलेल्या कानशींच्या रूपाने. कानशीत शेकडा एकाहून थोडा जास्त कर्ब असतो, नेमका पटाशीला हवा तेवढा.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त सुतार आणि लोहार दोघेही कुणब्याच्या खळ्यावर बलुते मागणारे आहेत. कारखान्याच्या गावात खळे नव्हते. तरीही सुतार लोहाराकडे जातच राहिला, कारण त्याला हवी ती पटाशी दुकानात नव्हती आणि ती कशी हवी हे त्यालाच ठाऊक होते.

आता डाव्या पटाशीबद्दल. मी सतरा वर्षांचा असताना शेजारच्या एका वर्कशॉपात विजेवर फिरणारी साण आली. आजोबा दगडावर तासभर घासत तेवढे काम ती मिनिटात करी. मी त्यांना न विचारता डावी पटाशी घेऊन गेलो. ठिणग्या उडाल्या, मजा वाटली, आणि पाहतो तो धारेच्या टोकाला मोराच्या मानेसारखा निळा रंग. तो घालवायला मी आणखी घासले, घाईत पुन्हा निळे केले. घरी आणली तेव्हा ती पाऊण इंच आखूड झाली होती आणि तिचा तिरपा कोन गेला होता. आजोबांनी ती हातात घेतली, नखाने धार पाहिली, आणि म्हणाले, “अरे, हिचं पाणी गेलं.” रागावले नाहीत. त्यानंतर त्यांनी ड्रॉवर केला नाही. वय झाले होते हे खरे, पण मला कारण वेगळेच वाटत राहिले. पुढे घर रंगवताना तो तुकडाही कुठेतरी गेला.

गेल्या हिवाळ्यात मी गुरंदी बाजारात गेलो. जुनी हत्यारे आणि सुटे भाग यांचा हा जबलपूरचा प्रसिद्ध बाजार. स्लीमनच्या काळात माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांची, म्हणजे गोइंद्यांची, वस्ती इथे होती आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. त्या ठगांना आणि त्यांच्या मुलांना तंबू आणि गालिचे करायला शिकवणारी उद्योगशाळा १८३० च्या दशकात याच शहरात निघाली होती. एका ढिगातून मी तीन झिजलेल्या कानशी उचलल्या आणि गढ्याच्या एका वृद्ध लोहाराकडे नेल्या. मी पटाशी म्हणालो, ते रुखानी म्हणाले; वस्तू एकच. तिरपी जोडी कशासाठी हे मी सांगू लागलो, तर त्यांनी हवेतच मनगट वळवून मागचा कोपरा कापून दाखवला. मग म्हणाले, “भैया, पहले चिनगारी देखो।”

त्यांनी तिन्ही कानशी साणेला टेकवल्या. दोन्हींच्या ठिणग्या लांब, सरळ, विझट. आजकालच्या काही कानशी आतून मऊ असतात, फक्त वरचा थर कडक. तिसरीच्या ठिणग्यांना दाट फुले फुटली. तीच घेतली. लाल करून रात्रभर राखेत पुरली, म्हणजे ती मऊ पडली. सकाळी तिचे दात घासून काढले. दात राहिले तर पाणी देताना तिथूनच तडा जातो. मग दुसऱ्या कानशीने तिला आकार दिला: पाठ सपाट, कडा उतरत्या, धार डावीकडे पंचवीस अंश कललेली. हे काम माझ्याकडून करून घेतले गेले. दोन दिवस लागले.

पाणी देणे त्यांनी स्वतः केले. पुढचा दीड इंच लाल झाला की ते एका दोरीला टांगलेले लोहचुंबक जवळ नेत. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला ओढेनासे होते. त्याच्या किंचित पुढे जायचे आणि मोहरीच्या तेलात बुडवायचे. आता ती काचेसारखी कडक आणि तितकीच ठिसूळ. घासून पांढरी केली, मुठीकडच्या बाजूने हळूहळू तापवली. रंग सरकत पुढे येऊ लागले, आधी फिकट पिवळा, त्यामागे तपकिरी, त्यामागे जांभळा आणि निळा. गव्हाच्या काडाचा पिवळा धारेशी पोचला तेव्हा, म्हणजे सुमारे २२५ अंशांवर, त्यांनी ती पुन्हा तेलात टाकली. मी सतरा वर्षांचा असताना पाहिलेला निळा या रंगांच्या रांगेत बराच मागे उभा होता. तो तीनशेच्या आसपासचा. मी काय केले होते ते मला त्या दिवशी, रंगांच्या क्रमाने, समजले.

गन कॅरेज फॅक्टरीचा इतिहास आज लिहिला जातो तो तोफांचा. १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ तिथलीच. ते योग्यच आहे. पण त्या इतिहासाच्या मागे अशा कितीतरी हत्यारपेट्या घमापूर, कांचघर, रांझीच्या घरांत पलंगाखाली आहेत, आणि त्यांतली निम्मी हत्यारे कोणत्याही दुकानाच्या यादीत कधी नव्हती. सुतार निवृत्त होतो, पेटी भंगारात जाते, तिथे पटाशीची किंमत लोखंडाच्या वजनावर ठरते. एकदा वजनावर गेली की तिचा कोन कशासाठी होता हे विचारायला कोणी उरत नाही. आमच्या पेटीतल्या एकेका हत्याराचे माप, कोन, लाकूड आणि नाव मी आता वहीत उतरवतो आहे. मराठी नाव, हिंदी नाव, आणि कारखान्यात रूढ असलेले मोडके इंग्रजी नाव, तिन्ही. शेजारच्या दोन घरांनीही आपापल्या पेट्या उघडून दिल्या आहेत.

नव्या पटाशीला शिसवीची मूठ बसवली, पितळी नळीची शेंबी घातली. ती आजोबांच्या पटाशीहून बोटभर लांब आहे. तिने मी सागाच्या एका तुकड्यात आंधळ्या डवटेलची एक खाच पूर्ण केली. डावा कोपरा स्वच्छ निघाला, उजवा आजोबांच्या पटाशीने काढला. मुठीजवळ, जिथे पाणी दिलेले नाही तिथे, मी कानशीचे थोडे दात मुद्दाम राहू दिले आहेत.