सोनाब्यांग आणि पहिल्या पावसाची रात्र

कलकत्त्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक नावाचे आखीव उपनगर आहे. नावात मीठ असले तरी जमिनीत ते आता शोधूनही सापडावयाचे नाही. एके काळी विद्याधरी नदीच्या वाटेने भरतीचे खारे पाणी येथील दलदलीत पसरत असे. पुढे नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ साली ती मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. मग शहराच्या सांडपाण्यावर रोहू-कटला पोसणारी उथळ तळी येथे वाढली. बंगालीत त्यांना 'भेरी' म्हणतात. खारे पाणी बहुतेक बेडकांना मानवत नाही. तेव्हा नदीच्या मरणाने त्यांचे बरेच साधले असावे.

या बेडकांचा राजा म्हणजे सोनाब्यांग. सहा इंचांपर्यंत वाढणारा, पाठीवर हिरवट पट्टे मिरवणारा हा जीव कोरड्या ऋतूत चिखलात दडून राहतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात आणि रात्रभर डरावडराव चालते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात मंडूकांवर एक संपूर्ण सूक्त आहे. हा गजर ऐकलेल्यास त्याचे नवल वाटणार नाही.

शिकाऱ्याचे सारे कसब ही वेळ ओळखण्यात असे. नवशिका मोठ्या तळ्याच्या काठी जाई आणि रिकाम्या हातांनी परते. मोठ्या पाण्यात मासे असतात व ते अंडी खातात. म्हणून सोनाब्यांगाची मादी पावसाने नुकतीच भरलेली डबकी आणि भातखाचरांचे कोपरे पसंत करते. जाणता मनुष्य ऊन कसे तापले होते, पाऊस किती वेळ टिकला, कोणत्या सखल जागी पाणी साचले, हे पाहून ठेवी आणि अंधार पडल्यावर गॅसबत्ती व गोणपाट घेऊन निघे. आवाजाने जागा कळे. डोळ्यांवर प्रकाश पडला की बेडूक दिपून जागीच बसतो, आणि हात कमरेभोवती पडतो. हा मेळा काही रात्रीच टिकतो. नंतर नरांचा रंग उतरतो, आवाज थांबतात आणि बांधाबांधाने चमकते डोळे शोधत हिंडावे लागते.

परंतु तीच रात्र अंडी घालण्याची असे. एक मादी हजारो अंडी घालते. तिला डबक्यातून उचलणारा पुढील वर्षाचे पीकही उचलून नेत होता. व्यापाऱ्याच्या वहीत या तोट्याला रकाना नव्हता.

स्वतःच्या जेवणापुरती शिकार होती तोवर हे खपून गेले. १९५०च्या दशकात मात्र बेडकांच्या तंगड्या परदेशी धाडण्याचा धंदा सुरू झाला. फ्रान्स, अमेरिका येथे त्यांना मोठी मागणी. केरळ आणि पश्चिम बंगाल ही पुरवठ्याची प्रमुख ठाणी बनली. १९८१ साली निर्यात चार हजार टनांवर गेली. एवढे केवळ तंगड्यांचे वजन! त्या बहुधा जिवंत प्राण्याच्याच कापल्या जात, हे उघड झाल्यावर लोकांत संताप उसळला. मुंबईचे निसर्ग-अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी १९८५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या निर्यातीवर विस्तृत लेख लिहिला. बेडूक शेतातील किडे-खेकडे खाऊन शेतकऱ्याचे किती काम करतो, हा त्यांच्या विचाराचा विषय होता. १९८७ साली निर्यातीवर बंदी आली.

सॉल्ट लेकमध्ये मात्र निकाल त्यापूर्वीच लागला होता. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६२ साली एका युगोस्लाव्ह कंपनीने हुगळीच्या तळातील गाळ नळांवाटे आणून दलदल भरण्यास आरंभ केला. शिकाऱ्याने बेडूक नेले, तरी डबके मागे राहत असे. येथे डबकेच गेले. निर्वासितांनी गजबजलेल्या शहराला जमीन हवी होती, हेही खरे. उरलेल्या पूर्वेकडील पाणथळीच्या सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्रास २००२ साली रामसर करारान्वये मान्यता मिळाली.

महाराष्ट्राला लागून असलेल्या गोव्यात ही शिकार अजून संपलेली नाही. 'जंपिंग चिकन' या नावाने बेडूक ताटात येतो; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाशी वनखात्याची पथके रात्री गस्तीला निघतात, आणि डबके हुडकण्यासाठी त्यांनाही शिकाऱ्याप्रमाणेच पावसाकडे व आवाजाकडे कान लावावे लागतात.