प्लगइन लोड केलं, पण त्यातला क्लास सापडेना?

समजा, तुम्ही पायथॉनमध्ये फोटो एडिटर बनवलाय. नवे फिल्टर लोकांनी प्लगइन म्हणून द्यायचे. मग प्लगइनमध्ये कोणते क्लास आहेत, हे चालू प्रोग्रॅमला कसं कळणार?

सगळे फिल्टर ‘फिल्टर’ या मूळ क्लासचे सबक्लास असतील, तर काम सोपं आहे. पायथॉनमध्ये प्रत्येक क्लासकडे आपल्या सबक्लासची नोंद असते. ‘फिल्टर.__सबक्लासेस__()’ लिहिलं की यादी मिळते.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा यादी रिकामी आली. अर्धा दिवस फोल्डरचा पाथ तपासत बसलो! फाइल जागेवरच होती, पण मी ती इम्पोर्टच केली नव्हती. फाइलमधला कोड चालतो तेव्हाच क्लास तयार होतो. म्हणून आधी ‘इम्पोर्टलिब’ने मॉड्यूल लोड करा, मग यादी मागा.

या यादीत फक्त थेट मुलं येतात, नातवंडं नाही. ती हवी असतील तर प्रत्येक सबक्लासला हाच प्रश्न विचारत खाली जायचं. पायथॉन ३.६ पासून ‘__इनिट_सबक्लास__’ही आहे, त्यात सबक्लास तयार होतानाच त्याची नोंद करून ठेवता येते.

पण एक लक्षात ठेवा: इम्पोर्ट करणं म्हणजे तो कोड चालवणं. ‘आत काय आहे बघू तरी’ म्हणून अनोळखी प्लगइन लोड केलं, तर ते तुमच्या फाइल्सही वाचू शकतं. त्यापेक्षा प्लगइनच्या मेटाडेटात ‘एंट्री पॉइंट’ लिहायला सांगा. त्यामुळे क्लासचं नाव आधी वाचता येतं, आणि लोड करायचं की नाही हे तुम्ही नंतर ठरवता.