शब्दवेध : करंजिन

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाड या गावाचं नाव करंज ऋषींवरून पडलं, असं स्थानिक परंपरा सांगते. मला मात्र नावामागे आधी करंजाचं झाड दिसतं. संस्कृतातला हा ‘करञ्ज’ मराठीत शिरला, तसाच रसायनशास्त्रातही. पुण्याच्या द. बा. लिमये यांनी 1920 च्या दशकात करंजतेलातल्या स्फटिकांचा अभ्यास केला. त्या संयुगाचं नाव ‘करंजिन’. याच झाडातल्या पोंगॅमॉल या संयुगाच्या नावात तमिळ ‘पुंगम्’ आहे, कनुगिनच्या नावात तेलुगू ‘कानुग’. एकाच झाडात तीन भाषा!

ही संयुगं ओळखणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापीला अर्थातच नावं कळत नाहीत. ते यंत्र रेणूला विद्युतभार देतं आणि वस्तुमान व भार यांचं गुणोत्तर मोजतं. करंजिनचं सूत्र C₁₈H₁₂O₄, वस्तुमान 292. एक प्रोटॉन चिकटला की 293 वर रेघ उमटते. पोंगॅमॉलमध्ये हायड्रोजनचे दोन अणू जास्त, म्हणून त्याची रेघ 295 वर. इथवर सोपं. पण करंजातच मिळणाऱ्या पिनॅटिनचं सूत्रही अगदी करंजिनचंच, फक्त मेथॉक्सी गट दुसऱ्या जागी. अशा वेळी नुसता आकडा कुचकामी. रेणू फोडावा लागतो, कोणते तुकडे किती प्रमाणात पडतात ते पाहावं लागतं, आणि संयुगं वेगळी करणाऱ्या वर्णलेखन स्तंभातून कोण आधी बाहेर पडतं याचीही नोंद ठेवावी लागते.

करंजीचं नावसुद्धा करंजाच्या शेंगेच्या आकारावरून आलं म्हणतात. खायला मात्र तीच बरी. करंजतेल कडू असतं.