‘मिलन’ न भरलेले वर्ष

1995 साली पोर्ट ब्लेअरच्या बंदरात पाच देशांची नौदले एकत्र आली. यजमान भारत होता आणि पाहुणे होते इंडोनेशिया, सिंगापूर, श्रीलंका व थायलंड. या मेळाव्याला ‘मिलन’ हे नाव मिळाले आणि दर दोन वर्षांनी तो भरवायचे ठरले. 2005 साली मात्र तो भरला नाही. संयुक्त लष्करी सरावांचा इतिहास पाहताना मला भरलेल्या मेळाव्यांपेक्षा हा न भरलेला मेळावाच अधिक बोलका वाटतो. 26 डिसेंबर 2004 रोजी या पाचांपैकी चार देशांच्या किनाऱ्यांवर समुद्र चालून आला होता. ज्यासाठी भेटायचे, ते काम आधीच दारात येऊन उभे राहिले होते.

सरावांविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. काहींना ते शेजाऱ्याला दाखवलेले दंड वाटतात, तर काहींना सरकारी खर्चाने झालेल्या मेजवान्या. दोन्हींत थोडे तथ्य आहे. सुरुवातीच्या ‘मिलन’मध्ये तोफांपेक्षा चर्चासत्रे, खेळ आणि भेटीगाठीच जास्त होत्या. भारत व मालदीव यांच्या तटरक्षकांचा ‘दोस्ती’ हा सराव 1991 पासूनचा, तर अमेरिकेबरोबरचा ‘मलबार’ 1992 पासूनचा. पोखरणच्या 1998 मधील अणुचाचण्यांनंतर ‘मलबार’ थांबला आणि 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणजे सराव राजकारणाच्या मर्जीवर चालतात, हे उघड आहे. तरीही त्यांतून एक गोष्ट उरते: समोरच्याचे संकेत कळतात, त्याच्या कामाची रीत कळते आणि अडचणीच्या वेळी कोणाला हाक मारायची हे ठाऊक असते.

त्या रविवारी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामीने सव्वादोन लाखांहून अधिक माणसे नेली. कार निकोबारच्या हवाई तळावर वायुदलाचे जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक जण गेले. घरात असे दुःख असतानाही त्याच दिवशी भारतीय नौदलाची मदत श्रीलंकेकडे निघाली. श्रीलंकेसाठी ‘ऑपरेशन रेनबो’, मालदीवसाठी ‘कॅस्टर’, इंडोनेशियासाठी ‘गंभीर’ अशा मोहिमा उघडल्या गेल्या. मालदीवकडे ‘मैसूर’ ही विनाशिका आणि ‘आदित्य’ हे इंधनवाहू जहाज गेले. ‘निरूपक’ हे मूळचे समुद्रतळ मोजणारे सर्वेक्षण जहाज. त्याचे तरते रुग्णालय करून ते ‘खुकरी’बरोबर सुमात्राच्या मेउलाबोह बंदराकडे धाडण्यात आले.

थायलंडमध्येही जुन्या ओळखी कामाला आल्या. अमेरिका आणि थायलंड 1982 पासून ‘कोब्रा गोल्ड’ हा सराव करत होते आणि उतापाओचा तळ त्यांच्या वहिवाटीतला होता. अमेरिकेच्या मदतमोहिमेचे मुख्यालय तिथेच उभे राहिले. 29 डिसेंबरला अमेरिका, भारत, जपान व ऑस्ट्रेलिया यांचा समन्वय गट जाहीर झाला. 6 जानेवारीला जकार्ताच्या परिषदेत त्याचे काम संयुक्त राष्ट्रांकडे सोपवून तो विसर्जित झाला. जेमतेम आठवडाभराचे त्याचे आयुष्य. पण आजच्या ‘क्वाड’चे मूळ शोधताना त्याच्याकडेच जावे लागते. सप्टेंबर 2007 मध्ये बंगालच्या उपसागरात झालेल्या ‘मलबार’ सरावात हेच चार देश सिंगापूरसह उतरले. मोठी वाहतूक करू शकणाऱ्या जहाजांची उणीव त्सुनामीत जाणवली होती. त्याच वर्षी अमेरिकेचे जुने ‘ट्रेंटन’ हे जहाज ‘जलाश्व’ होऊन भारतीय नौदलात आले.

इथवरची कथा अभिमानाची आहे. मला थांबवते ती तिची दुसरी बाजू. शेजाऱ्यांना मदत पाठवणाऱ्या भारताने स्वतःसाठी मात्र परकीय सरकारांची मदत नाकारली. आमचे आम्ही पाहू, ही भूमिका होती. तीत सामर्थ्य होते, तसाच संकोचही होता. अंदमान-निकोबार हा संरक्षणदृष्ट्या नाजूक प्रदेश. तिथे परकी पावले नकोत, हा विचार समजण्याजोगा आहे. पण लाटेत घर गेलेल्या निकोबारी कुटुंबाच्या अंगणातून पाहिले, तर हा हिशेब वेगळा दिसतो. 2018 च्या केरळच्या पुरातही केंद्राने हेच धोरण पुढे करून परदेशी सरकारांची मदत घेतली नाही.

भारत यात एकटा नव्हता. आचेमध्ये फुटीरतावाद्यांशी लढत असलेल्या इंडोनेशियाने परकी सैनिकांना आत घेतले खरे, पण मार्चअखेरीची मुदत घालूनच. ‘अब्राहम लिंकन’ या अमेरिकी विमानवाहू जहाजाची हेलिकॉप्टरे आचेत अन्नपाणी पोचवत होती. त्याच जहाजावरच्या लढाऊ वैमानिकांना हात चालू ठेवण्यासाठी नियमित उड्डाणे करणे भाग होते. इंडोनेशियाने आपल्या हद्दीत त्याला परवानगी दिली नाही, म्हणून जहाज काही काळ हद्दीबाहेर गेले. मदत हवी होती. पण मदतनिसाचा युद्धसराव आपल्या डोक्यावर नको होता. यजमानाचे मन यात जेवढे स्वच्छ दिसते, तेवढे क्वचितच कुठल्या करारात दिसते.

माझा निष्कर्ष एवढाच आहे: देशांनी मदत देण्याचा सराव पुष्कळ केला, मदत घेण्याचा फारसा केला नाही. परकी पथक कुठे उतरेल, कोणाच्या हुकमतीत राहील, कधी परत जाईल हे शांततेच्या काळात ठरलेले असेल, तर संकटात सार्वभौमत्व आणि माणसाचा जीव यांच्यात ओढाताण होणार नाही.

‘मिलन’ 2006 मध्ये पुन्हा भरले. 2022 पासून ते विशाखापट्टणमला भरू लागले आणि सहभागी देश पाचाचे पन्नासच्या घरात गेले. त्या गर्दीत एखादा दिवस यजमानाने स्वतः संकटग्रस्ताच्या जागी बसून पाहुण्यांना हाक मारण्याचा सराव करावा, असे मला वाटते. कार निकोबारच्या मृतांचे ते खरे स्मरण ठरेल.